दुखावलेला खांदा आणि रायफलीची निवड

वैद्यकीय व्यवसायात राहून एखादा छंद जोपासणे किती कठीण असते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. कोणी गाणे शिकतो, कोणी टेनिस खेळतो, कोणी डोंगर चढतो. माझा छंद नेमबाजीचा. इंदूरसारख्या शहरात तो तसा अनोळखी नाही. जवळच्या महूला, म्हणजे आजच्या डॉ. आंबेडकर नगरला, सैन्याचे मार्क्समनशिप युनिट आहे. शहरालगत सीमा सुरक्षा दलाची रेवती रेंज आहे. भोपाळला राज्याची नेमबाजी अकादमी असून २०२३ च्या मार्च महिन्यात तेथे जागतिक चषक स्पर्धाही झाली. आपल्या पिढीतील अनेकांनी एन.सी.सी.मध्ये पालथे पडून कधी ना कधी रायफल चालवलेली असते, आणि खांद्यावर उमटलेला निळा-जांभळा डाग घरी अभिमानाने दाखवलेला असतो.

तीन वर्षांपूर्वी रात्रीच्या कॉलवरून परतताना स्कूटर घसरली आणि माझ्या उजव्या खांद्याचा रोटेटर कफ फाटला. मी स्वतः अस्थिशल्यचिकित्सक. त्यामुळे एम.आर.आय.ची फिल्म पाहताच पुढचे सहा महिने कसे जाणार हे कळून चुकले. सहकाऱ्याने कफ उत्तम प्रकारे शिवून दिला. घरच्यांनी मात्र एकमुखाने सांगितले, "आता बंदूक बंद." त्यांचे चुकत नव्हते. ज्या खांद्यावर माझे ऑपरेशन थिएटर आणि पर्यायाने माझे घर चालते, त्याच खांद्यावर पुन्हा धक्के घ्यायचे का, हा प्रश्न केवळ हौसेचा राहिला नव्हता.

त्या सहा महिन्यांत हाताशी वेळ होता. "बंदूक सोडावी की नाही" हा प्रश्न मी "कोणती बंदूक, किती धक्का आणि कोणत्या स्थितीत" अशा रूपात मांडून पाहिला. असा प्रश्न घेऊन रुग्णही आपल्याकडे येतात. निवृत्त सैनिक येतात, शालेय नेमबाज येतात, पेसमेकर बसवलेले गृहस्थ येतात. त्यांना "नको" म्हणणे सोपे असते. पण नेमके काय नको आणि काय चालेल, हे सांगण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र आणि थोडे शरीरशास्त्र एकत्र आणावे लागते. त्यासाठीच हा लेख.

धक्का म्हणजे काय?

गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते, हा न्यूटनचा तिसरा नियम आपण शाळेतच शिकलो. गोळीचे वस्तुमान गुणिले वेग, त्यात जळालेल्या दारूच्या वायूचा वाटा मिळवला की एकूण संवेग मिळतो. त्याला बंदुकीच्या वजनाने भागले की बंदूक किती वेगाने मागे येईल ते कळते, आणि त्या वेगावरून धक्क्याची ऊर्जा काढता येते. हिशेब साधा आहे, पण त्याचे निष्कर्ष डोळे उघडणारे आहेत.

पॉईंट टू टू, म्हणजे .२२ लाँग रायफल या काडतुसाचे उदाहरण घेऊ. गोळी सुमारे २.६ ग्रॅमची आणि स्पर्धेच्या काडतुसात तिचा वेग सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास. वायूचा किरकोळ वाटा धरून संवेग सुमारे ०.९ येतो. रायफल ५ किलोची असेल तर ती सेकंदाला जेमतेम १८ सेंटिमीटर वेगाने मागे येते आणि धक्क्याची ऊर्जा ०.०८ ज्यूलच्या आसपास भरते. वहीचा एक गठ्ठा हलकेच खांद्याला टेकवावा, इतकाच तो स्पर्श.

आता त्याच रीतीने इतरांचा अंदाज पाहू. स्पर्धेच्या १० मीटर एअर रायफलमधून ४.५ मिलिमीटर व्यासाचा, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. तेथे धक्क्याची ऊर्जा एका ज्यूलच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. परदेशात लोकप्रिय असलेल्या .२२३ रेमिंग्टनमध्ये, ४ किलोच्या रायफलीत, ती ५ ज्यूलच्या घरात जाते. ३०० मीटरच्या स्पर्धेत वापरले जाणारे ६ मिलिमीटर बी.आर. हे काडतूस ६ किलोच्या रायफलीत ६ ज्यूलच्या आसपास राहते. .३०८ विंचेस्टर ५ किलोच्या रायफलीतही सुमारे १६ ज्यूल देते. एन.सी.सी.तील आपली जुनी .३०३ त्याच पंक्तीतली. आणि ट्रॅप स्पर्धेची बारा बोअरची बंदूक केवळ २४ ग्रॅम छर्ऱ्यांच्या काडतुसातही, बंदूक साडेतीन किलोची धरली तर, १८ ज्यूलपर्यंत पोहोचते.

हे आकडे काडतुसागणिक थोडे मागेपुढे होतील, परंतु त्यांचे परस्पर प्रमाण बदलत नाही. एअर रायफल आणि .२२ एका बाजूला, बाकी सर्व दुसऱ्या बाजूला. या दोहोंमधील दरी पन्नास ते दोनशे पटींची आहे. जखमी खांद्याच्या दृष्टीने .३०८ सोडून .३०३ घेणे म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून उडी मारण्याऐवजी तिसऱ्याच मजल्याच्या दुसऱ्या खिडकीतून उडी मारणे होय.

संख्येचाही विचार हवा. ट्रॅपच्या प्राथमिक फेरीत १२५ तबकड्या असतात आणि एका तबकडीवर दोन काडतुसे झाडण्याची मुभा असते. म्हणजे एका स्पर्धेत खांद्यावर कमीत कमी सव्वाशे वेळा १८ ज्यूलचा हातोडा बसतो. .२२ च्या ६० गोळ्या आणि सरावाच्या वीस धरल्या तरी दिवसभराची सारी बेरीज ६-७ ज्यूल, म्हणजे बारा बोअरच्या एका काडतुसाच्या निम्म्याहून कमी. ऊर्जेची अशी बेरीज हे वैद्यकीय माप नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु अस्थी आणि स्नायुबंध यांना एका मोठ्या आघाताइतकेच पुनःपुन्हा होणारे लहान आघातही जाचतात, हे आपण रोज पाहतो. ट्रॅप नेमबाजांमध्ये कोराकॉईड अस्थीचा ताणभंग होतो, याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. जड बंदुकीच्या धक्क्याने ब्रेकियल प्लेक्ससवर ताण येऊन हात तात्पुरता दुर्बळ झाल्याच्या नोंदीही आहेत.

दस्ता जेथे टेकतो

बंदुकीचा दस्ता टेकतो ती जागा शरीरशास्त्राच्या दृष्टीने फार नाजूक आहे. डेल्टॉईड आणि पेक्टोरॅलिस मेजर यांच्यामधील खोबणीत तो बसतो. तिच्या खाली कोराकॉईड, वर अ‍ॅक्रोमिओक्लॅव्हिक्युलर सांधा आणि आत मज्जातंतूंचे जाळे. दस्ता एक-दोन बोटे बाहेर सरकला तर धक्का दंडाच्या हाडावर येतो, वर सरकला तर कॉलरबोनवर. कफ शिवलेल्या रुग्णाला ही एक-दोन बोटे फार महाग पडतात.

म्हणूनच रायफल निवडताना बोअरच्या पाठोपाठ दस्त्याकडे पाहावे. स्पर्धेच्या आधुनिक रायफलींचा दस्ता बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा आणि सर्व बाजूंनी जुळवता येण्याजोगा असतो. त्याची लांबी कमी-जास्त होते. खांद्याला टेकणारी पट्टी वर-खाली, आत-बाहेर आणि तिरकी करता येते. गालाचा आधार उंचावता येतो. बाह्य परिवलन अपुरे असलेल्या खांद्याला आखूड दस्ता सोयीचा पडतो. मान आखडलेल्या माणसासाठी पट्टी खाली आणि गालाचा आधार वर घेतला की मान न वाकवता डोळा नेमाच्या रेषेत येतो. लाकडी दस्त्याच्या जुन्या रायफलीत माणसाला बंदुकीप्रमाणे वाकावे लागते. दुखापतीनंतर आपल्या शरीराप्रमाणे वाकणारी बंदूक शोधावी.

रबराच्या गादीने धक्क्याची ऊर्जा फारशी घटत नाही. ती अधिक क्षेत्रावर आणि थोड्या अधिक वेळात पसरते, त्यामुळे क्षणिक दाब कमी होतो. बारा बोअर किंवा .३०८ ज्यांना सोडवतच नाही, त्यांनी ती अवश्य लावावी. नळीच्या तोंडाशी बसवायचा मझल ब्रेक वायूला बाजूला वळवून धक्का बराच कमी करतो. मात्र त्याने आवाज नेमबाजाच्या आणि शेजाऱ्याच्या कानाकडे फिरतो, आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार स्पर्धेच्या रायफलीवर तो चालत नाही. खांदा वाचवण्यासाठी कान गमावण्याचा हा व्यवहार मला पटत नाही.

वजनाचा पेच

येथे खरा पेच उभा राहतो. तोच संवेग जड बंदुकीत गेला तर धक्का कमी होतो. वजन दुप्पट केले की ऊर्जा निम्मी होते. मग जितकी जड रायफल तितकी बरी, असे वाटू लागते. परंतु ते वजन उचलणार कोण? ५० मीटर स्पर्धेची रायफल ८ किलोपर्यंत आणि १० मीटरची एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत वजनाची असू शकते. सव्वा तास उभे राहून साठ वेळा ती उचलायची, म्हणजे धक्क्यापासून वाचवलेला खांदा वजनाने थकायचा.

या पेचाचे उत्तर कोणता अवयव दुखावला आहे, यावर अवलंबून आहे. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा उजवा खांदा धक्का घेतो, तर डावा हात वजन तोलतो. माझा उजवा खांदा दुखावलेला असल्याने मला वजनाची फारशी भीती नव्हती. डावा हात धडधाकट होता. उभे राहून नेम धरताना डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवले की वजन स्नायूंऐवजी अस्थींच्या स्तंभावरून खाली उतरते. हे तंत्र कोणताही प्रशिक्षक पहिल्याच आठवड्यात शिकवतो. मात्र ज्याचा डावा खांदा किंवा मनगट दुखावले आहे, त्याने जड रायफलीच्या नादी लागू नये. .२२ किंवा एअर रायफलमध्ये धक्का आधीच इतका अल्प आहे की वजन एक-दीड किलोने कमी केले तरी खांद्याला फरक कळत नाही. वजन घटवण्याची सवलत हीच लहान बोअरची सर्वांत मोठी देणगी होय. शिवाय वजनाचा मध्यबिंदू हाताच्या जितका जवळ, तितकी रायफल हलकी वाटते. नळीच्या पुढच्या टोकाला जोडलेली वजने काढून टाकली तरी पुष्कळ काम होते.

कंबर दुखावलेल्यांची कथा निराळी. उभ्या स्थितीत नेमबाज पाठीचा कणा मागे आणि बाजूला वळवून उभा राहतो. लंबर डिस्कच्या रुग्णाला ती स्थिती तासभर मानवत नाही. पालथे पडून नेम धरण्याच्या स्थितीत कमरेला विश्रांती मिळते, पण मान वर उचलावी लागते आणि दोन्ही कोपरांवर भार येतो. मानेच्या स्पाँडिलोसिसचा रुग्ण तेथे पंधरा मिनिटांत हात टेकतो. अल्नर नर्व्हची तक्रार असेल तर पालथ्या स्थितीत कोपरावरचा भार आणि दंडावर आवळलेला पट्टा, दोन्हींकडे लक्ष द्यावे लागते. ज्यांना यांपैकी काहीच झेपत नाही त्यांच्यासाठी बेंचरेस्ट हा प्रकार आहे. खुर्चीवर बसायचे, रायफल टेबलावरील टेकूवर आणि वाळूच्या पिशवीवर ठेवायची, आणि केवळ नेम आणि चाप यांवर लक्ष द्यायचे. साठी उलटलेल्यांसाठी हा प्रकार अत्यंत सुखाचा आहे, आणि त्यात जड रायफल वापरूनही वजन टेबलच उचलते.

एअर रायफल की .२२?

वरील सर्व विचार करून माझ्यासमोर दोनच पर्याय उरले.

एअर रायफलमध्येही दोन जाती आहेत. स्प्रिंगची रायफल स्वस्त असते, पण ती भरताना नळी मोडून जोरकस स्प्रिंग दाबावी लागते. प्रत्येक छर्ऱ्यागणिक अनेक किलोंचा जोर. शिवलेल्या कफला हा व्यायाम मुळीच मानवणारा नाही. शिवाय आतला दट्ट्या पुढे धावून थांबताना रायफल आधी मागे आणि मग पुढे अशी दोनदा उसळते. दाबलेल्या हवेच्या नळकांड्याची रायफल बरीच महाग असते, परंतु ती बोटाच्या जोराने भरली जाते आणि धक्का जवळजवळ जाणवतच नाही. दुखापतग्रस्ताने पैसे वाचवायचे असतील तर ते जाकिटावर वाचवावेत, येथे नव्हे.

कायद्याचीही बाजू आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलहून कमी ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर रायफलच्या छर्ऱ्याची ऊर्जा सात-आठ ज्यूलच असते. .२२ ला मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना हवा, आणि ते योग्यच आहे. तिची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. धक्का नाही म्हणून ती खेळणे ठरत नाही.

कमी धक्क्याची रायफल म्हणजे दुय्यम खेळ, असा एक गैरसमज आपल्याकडे आहे. तो पूर्णपणे निराधार आहे. ऑलिंपिकमधील रायफलीचे सर्व प्रकार आज याच दोन बोअरमध्ये खेळले जातात. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर आहे. ५० मीटरवर तो १०.४ मिलिमीटर आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवले ते .२२ रायफलीवर. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले तेही .२२ वरच. आणि भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक, अभिनव बिंद्राचे २००८ चे, एअर रायफलचे. त्या पदकापूर्वी पाठीच्या गंभीर दुखण्यामुळे त्याला दीर्घकाळ रायफलपासून दूर राहावे लागले होते, हे आपण अस्थितज्ज्ञांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मी एअर रायफलपासून सुरुवात केली आणि नंतर .२२ कडे गेलो. वडिलांची बारा बोअरची दुनळी परवानाधारक विक्रेत्याला रीतसर विकून टाकली. ती त्यांनी देवासच्या शेतीच्या दिवसांत घेतली होती आणि दर दसऱ्याला तिची पूजा होत असे. तो निर्णय आकडेमोडीने सोपा आणि मनाने अवघड होता. पण दोन खांद्यांपैकी एक निवडण्यापेक्षा दोन बंदुकांपैकी एक निवडणे केव्हाही बरे.

केव्हा सुरू करावे?

कफ शिवल्यानंतर पहिले चार ते सहा आठवडे हात झोळीत असतो. सहा आठवड्यांनंतर सक्रिय हालचाल आणि साधारण बारा आठवड्यांनंतर बळ वाढवणारे व्यायाम सुरू होतात. स्नायुबंध हाडाला भक्कमपणे चिकटण्यास वेळ लागतो, आणि वेदना थांबणे म्हणजे तो चिकटणे नव्हे. मी चौथ्या महिन्याअखेर रिकाम्या एअर रायफलने, भिंतीवरील ठिपक्यावर, दिवसाला दहा मिनिटे नेम धरू लागलो. सहाव्या महिन्यात छर्रे. नवव्या महिन्यात .२२. फाट मोठी असेल, वय अधिक असेल किंवा मधुमेह असेल तर हे वेळापत्रक आणखी लांबवावे. रिकाम्या रायफलीच्या सरावाबाबत एक सूचना: .२२ चा घोडा रिकाम्या नळीवर पाडल्यास नळीच्या कडेला इजा होऊ शकते, म्हणून नकली काडतूस वापरावे. स्पर्धेच्या एअर रायफलमध्ये अशा सरावाची सोय असतेच.

शरीराआधी मन घाबरते, हेही ध्यानात घ्यावे. ज्या खांद्याने वेदना अनुभवली आहे, तो चाप दाबण्याच्या क्षणी आपोआप आकसतो आणि नेम चुकतो. ही सवय मोडण्याचा जुना उपाय म्हणजे खऱ्या काडतुसांत काही नकली काडतुसे मिसळून दुसऱ्याकडून भरून घेणे. नकली काडतुसावर नळी हलली की आपले आकसणे उघडे पडते. अल्प धक्क्याच्या रायफलीवर ही भीती लवकर विरते. एकदा ती विरली की खांद्याच्या सभोवतीचे स्नायूही सैल राहू लागतात, आणि हा फायदा फिजिओथेरपीलाही पूरक ठरतो.

डॉक्टरांनी विचारावेत असे प्रश्न

आपल्याकडे येणाऱ्या नेमबाज रुग्णाला काही गोष्टी आवर्जून विचाराव्यात. पेसमेकर कोणत्या बाजूला आहे? तो बहुधा डाव्या बाजूला बसवतात, त्यामुळे उजव्या खांद्यावर नेम धरणाऱ्याला अडचण कमी. डावखुऱ्या नेमबाजाचा दस्ता मात्र नेमका यंत्रावर आणि त्याच्या तारेवर येतो. तारेला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. शस्त्रक्रियेपूर्वीच हा प्रश्न विचारला तर हृदयरोगतज्ज्ञ बाजू बदलू शकतात. अलीकडे मोतीबिंदूची किंवा दृष्टिपटलाची शस्त्रक्रिया झाली आहे का? झाली असल्यास नेत्रतज्ज्ञाच्या संमतीशिवाय जड बंदूक हाती घेऊ नये. कानाला संरक्षण वापरता का? .२२ चा आवाजही कानाशी १४० डेसिबलच्या आसपास असतो. धक्का कमी म्हणजे आवाज निरुपद्रवी असे नव्हे. बंदिस्त रेंजमध्ये सराव करता का? तेथे शिशाची धूळ श्वासातून आणि बोटांतून पोटात जाते. वायुवीजन, सरावानंतर साबणाने हात धुणे आणि रेंजवर काही न खाणे, हे नियम मुलांच्या बाबतीत तर कसोशीने पाळावेत.

रात्री जागे करणारी खांद्याची वेदना, बोटांत मुंग्या, हात उचलताना आलेला नवा दुबळेपणा, यांपैकी काहीही दिसले तर सराव थांबवून तपासणी करावी. दुसऱ्या दिवशीचा स्नायूंचा साधा शीण आणि ही लक्षणे यांत गल्लत करू नये.

ज्यांचा हात परत येत नाही

काहींचा खांदा पूर्ववत होत नाही. त्यांच्यासाठीही हा खेळ दार बंद करीत नाही. हंगेरीच्या कारोली टाकाच याचा उजवा हात १९३८ मध्ये हातबाँबने निकामी झाला. तो डाव्या हाताने पिस्तूल शिकला आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले. रायफलीतही खांदा बदलता येतो. त्यासाठी डावखुरा दस्ता घ्यावा लागतो, आणि प्रबळ डोळा उजवाच असेल तर त्याच्यासमोर छोटी पट्टी लावावी लागते. आपल्या राही सरनोबत यांना कोपराच्या दुखापतीने थांबवले होते. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. पॅरालिंपिकमध्ये एस.एच. २ या गटात, ज्यांना हाताने रायफलीचे वजन तोलता येत नाही, त्यांना रायफल टेकूवर ठेवण्याची मुभा आहे. मेरुरज्जूच्या दुखापतीनंतर चाकांच्या खुर्चीत बसून खेळणाऱ्या अवनी लेखरा यांनी एस.एच. १ गटात, २०२१ मध्ये टोकियोत आणि २०२४ मध्ये पॅरिसमध्ये, एअर रायफलवरच सुवर्णपदके जिंकली.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी समाजाचे या खेळाशी जुने नाते आहे, हेही जाता जाता सांगायला हवे. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष झाले ते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. ते बडोद्यात जन्मलेले, अहमदाबादेत वाढलेले मराठी गृहस्थ. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे.

माझ्या दवाखान्यात आता खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर "डॉक्टरसाहेब, पुन्हा बंदूक धरता येईल का?" असे विचारणाऱ्याला मी तीन प्रश्न परत विचारतो: कोणता खांदा, कोणती बंदूक आणि दिवसाला किती गोळ्या? या तीन उत्तरांत बहुधा चौथे उत्तर दडलेले असते. औषधाची मात्रा ठरवताना आपण वजन, वय आणि मूत्रपिंडाचे कार्य पाहतो; धक्क्याची मात्राही तशीच रुग्णागणिक ठरवावी. एखाद्याची आवड काढून घेण्याचा अधिकार आपल्याला आजार देतो खरा, पण तो वापरण्यापूर्वी मात्रा कमी करून पाहणे हे आपल्या शास्त्राला अधिक शोभून दिसते.